फाइंड, ग्रेप, मेल: शोध नेमका कुठे चुकतो

लिनक्सच्या टर्मिनलवर फाइल सापडली नाही की पहिला संशय फाइलवरच जातो. डिलीट झाली असेल, दुसऱ्या डिस्कवर गेली असेल. बहुतेकदा ती जागच्या जागी असते. कमांडने भलताच प्रश्न विचारलेला असतो, त्याचं उत्तर प्रामाणिकपणे आणलेलं असतं, आणि एररही आलेला नसतो. मेलचं वेगळं नाही. ‘कालचा मेल गेला’ असं वाटतं तेव्हा तो होम डिरेक्टरीतल्या दुसऱ्याच एका फाइलीत जाऊन बसलेला असतो. फाइली शोधणारी फाइंड, मजकुरात शोधणारी ग्रेप आणि मेल वाचणारे प्रोग्रॅम यांच्या ऑप्शनांची यादी मॅन पेजवर, म्हणजे त्या-त्या कमांडच्या मदतपानावर, आहेच. इथे फक्त शोध जिथे घसरतो त्या जागा पाहू.

कमांडी इथे उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी, लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. उणे, तारा, अवतरणचिन्हं ही मात्र जशीच्या तशी.

तारा कोण वाचतो?

फाइंड . -नेम *.लॉग

बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेली ओळ आधी वाचून मग कमांड चालवणाऱ्या नेहमीच्या शेलमध्ये, ही एकच कमांड तीन फोल्डरांत तीन तऱ्हांनी वागते. चालू फोल्डरमध्ये एकही लॉग फाइल नसेल तर शेल ताऱ्याला हात लावत नाही, तो तसाच फाइंडपर्यंत पोचतो आणि सगळं नीट चालतं. दोन किंवा जास्त लॉग फाइली असतील तर शेल ताऱ्याच्या जागी ती सगळी नावं भरतो, आणि दुसरं नाव पाहून फाइंड बिचकतो: पाथ आधी द्या, अटी नंतर, असा एरर येतो. तोही बरा, निदान कळतं तरी. खरा घात होतो तो नेमकी एकच लॉग फाइल असते तेव्हा. शेल ताऱ्याच्या जागी समजा ‘जुना.लॉग’ भरतो, फाइंड खालच्या सगळ्या फोल्डरांत ‘जुना.लॉग’ याच नावाची फाइल शोधतो, एक सापडते, आणि ‘एवढीच आहे वाटतं’ म्हणून आपण पुढे जातो.

उपाय दोन अवतरणचिन्हांचा:

फाइंड . -नेम '*.लॉग'

झेड शेल याबाबतीत कडक आहे. जुळणारं नाव नसेल तर ‘मॅच नाही’ म्हणून तो कमांड चालवतच नाही, त्यामुळे सवय लवकर लागते. बॅश गप्प बसतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं मुरते.

नावाच्या अटीबद्दल आणखी एक. ‘-नेम’ फक्त शेवटचं नाव तपासतो, पाथ नाही. त्यात तिरकी रेघ घातली तर काहीच सापडत नाही. पूर्ण पाथवर अट हवी असेल तर ‘-पाथ’. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको असेल तर ‘-आयनेम’.

फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो

फाइंडच्या ऑप्शनांना ऑप्शन म्हणणंच चुकीचं आहे. ती एक विधानमाला आहे: प्रत्येक फाइलीसाठी डावीकडून एकेक अट तपासली जाते, एक खोटी ठरली की त्या साखळीत पुढचं पाहिलं जात नाही. ‘-प्रिंट’ आणि ‘-डिलीट’ हीसुद्धा त्याच साखळीतली विधानं आहेत. फक्त ती तपासली जाताना काहीतरी करून मोकळी होतात.

म्हणून ही कमांड पाहा:

फाइंड . -डिलीट -नेम '*.बॅक'

वाचताना वाटतं, बॅकने संपणाऱ्या फाइली पुसायच्या आहेत. फाइंड वाचतो ते असं: ही फाइल पूस; पुसली गेली असेल तर तिचं नाव बॅकने संपतं का ते पाहा. नाव तपासण्याआधीच सगळा फोल्डर रिकामा. ‘-डिलीट’ नेहमी शेवटी, आणि त्याआधी तीच कमांड ‘-प्रिंट’ लावून चालवायची. अप-बाणाने कमांड परत आणायची आणि फक्त शेवटचा शब्द बदलायचा, म्हणजे मधलं काही हलत नाही.

दुसरा सापळा ‘किंवा’चा:

फाइंड . -नेम '*.सी' -ओ -नेम '*.एच' -प्रिंट

इथे फक्त एच फाइली छापल्या जातात. दोन अटी नुसत्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यात ‘आणि’ असतो, आणि ‘आणि’ची पकड ‘किंवा’पेक्षा घट्ट. त्यामुळे ‘-प्रिंट’ फक्त दुसऱ्या बाजूला चिकटतो. दोन्ही अटी कंसात घाला, आणि कंस शेलने खाऊ नयेत म्हणून प्रत्येक कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्या:

फाइंड . \( -नेम '*.सी' -ओ -नेम '*.एच' \) -प्रिंट

गंमत अशी की ‘-प्रिंट’ लिहिलाच नाही तर मूळ कमांडही बरोबर चालते, कारण मग फाइंड स्वतःच सगळ्याभोवती कंस घालून शेवटी प्रिंट जोडतो. म्हणजे कमांड आधी चालत होती, तिला ‘-प्रिंट’ किंवा ‘-डिलीट’ जोडला आणि ती बिघडली, असं होतं ते यामुळे.

एखादा फोल्डर पूर्ण वगळायचा असेल तर ‘-प्रून’:

फाइंड . -नेम .गिट -प्रून -ओ -टाइप एफ -प्रिंट

‘नाव .गिट असेल तर आत शिरू नकोस. नसेल आणि साधी फाइल असेल तर छाप.’ इथे शेवटचा ‘-प्रिंट’ लिहावाच लागतो, नाहीतर वगळलेल्या फोल्डरचं नावही यादीत येतं. आणि ‘-प्रून’बरोबर ‘-डिलीट’ची जोडी जमत नाही. फोल्डर पुसायचा तर आधी त्याच्या आतलं पुसायला हवं, म्हणून ‘-डिलीट’ लावला की फाइंड आपोआप खालून वर यायला लागतो. आणि खालून वर येताना ‘आत शिरू नकोस’ सांगायला उशीर झालेला असतो. ग्नू फाइंड (लिनक्सवरचा नेहमीचा) अशा वेळी थांबतो आणि कारणही सांगतो. त्या एररला शेपटीला ‘-डेप्थ’ जोडून गप्प करू नका. ‘.गिट’मध्ये तुमच्या कोडचा सगळा इतिहास असतो, आणि तो वाचवायची ती शेवटची संधी असते.

कालची फाइल, आजची फाइल

वेळेच्या अटीत दिवस म्हणजे तारीख नव्हे, २४ तासांचा तुकडा. ‘-एमटाइम’ फाइलीचं वय २४ ने भागतो आणि अपूर्णांक टाकून देतो. ४७ तासांपूर्वीच्या फाइलीचं वय १ भरतं. त्यामुळे ‘-एमटाइम +१’ म्हणजे ‘एका दिवसापेक्षा जुनी’ असं वाचून ती सापडेल असं वाटतं, पण ‘१ पेक्षा जास्त’ म्हणजे किमान २, म्हणजे ४८ तास पूर्ण. ‘सात दिवसांपेक्षा जुने बॅकअप पूस’ या कामात ‘+७’ लिहिलं की प्रत्यक्षात आठ दिवस पूर्ण झालेले जातात. जागा कमी पडते तेव्हा हा एक दिवस महागात जातो.

मिनिटांत हिशेब करायचा तर ‘-एममिन -९०’, आणि तारखेने करायचा तर ‘-न्यूअरएमटी’, ज्यात ‘टी’च्या पुढे सरळ तारीख देता येते. एखादा प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या फाइली बदलतो ते पाहायचं असेल तर तारखांच्या वाटेलाच जाऊ नका. आधी ‘टच’ने एक रिकामी खूण-फाइल करा, प्रोग्रॅम चालवा, मग ‘-न्यूअर’ला त्या खुणेचं नाव द्या. सेटिंग कुठे साठवतो हे कोणी सांगत नसलेल्या प्रोग्रॅमसाठी याहून सरळ रस्ता नाही.

आता एक नेहमीची तक्रार. आज उतरवलेलं आर्काइव्ह आज उलगडलं, पण ‘-एमटाइम -१’ला त्यातलं काहीच सापडत नाही. टार उलगडताना फाइलींना त्यांची मूळ तारीख परत देतो, झिपही तसंच करतो. एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा कधी बदलला; तो दोन वर्षांपूर्वी बदललेला असू शकतो. अशा वेळी ‘-सीटाइम -१’ वापरा. सीटाइममधला ‘सी’ म्हणजे क्रिएट नव्हे, चेंज: फाइलीच्या नोंदीत शेवटचा बदल, म्हणजे परवानगी, मालक किंवा मजकूर. ही वेळ ‘टच’ने हवी तशी मागे ढकलता येत नाही, म्हणून ‘ही फाइल या डिस्कवर अलीकडे आली का’ याला ती जास्त विश्वासू.

‘शेवटची वाचली कधी’ सांगणाऱ्या एटाइमवर मात्र विसंबू नका. लिनक्सवर बऱ्याच वर्षांपासून ‘रेलएटाइम’ ही पद्धत ठरलेली आहे: आधीची नोंद मजकुराच्या बदलापेक्षा जुनी असेल किंवा तिला २४ तास झाले असतील तरच ती नव्याने लिहिली जाते. सकाळी वाचलेली फाइल संध्याकाळी पुन्हा वाचली तर त्या दुसऱ्या वाचनाची नोंद कुठेच नसते.

आकारात एक विचित्र कोपरा आहे. ग्नू फाइंडमध्ये ‘-साइज -१एम’ म्हणजे ‘एक एमबीपेक्षा लहान’ नव्हे. फाइंड आकार आधी पूर्ण एमबीत वरच्या आकड्याला नेतो, मग तुलना करतो. एका बाइटची फाइलही १ एमबी ठरते, आणि १ पेक्षा कमी फक्त शून्य. म्हणून यादीत केवळ रिकाम्या फाइली येतात. बाइटांत विचारा: ‘-साइज -१०४८५७६सी’. मोठ्या फाइली शोधताना, म्हणजे ‘-साइज +५००एम’ वगैरे, हा घोळ जाणवत नाही. या अटीत ‘एम’ कॅपिटल. आणि एकक लिहिलंच नाही तर आकडा ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत धरला जातो.

सापडलेल्या फाइलींचं करायचं काय

फाइलीच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ आणि शून्य बाइट. बाकी सगळं चालतं, स्पेस चालते, अवतरणचिन्ह चालतं, चक्क नवी ओळही. म्हणून फाइंडचं आउटपुट नुसतं पाइपने (उभ्या रेघेने) एक्सआर्ग्जकडे, म्हणजे आलेली नावं दुसऱ्या कमांडला देणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवणं म्हणजे भरलेलं पोतं तोंड न बांधता उचलणं. स्पेस असलेलं नाव दोन तुकड्यांत तुटतं. नावात एकच अवतरणचिन्ह असेल तर एक्सआर्ग्ज ‘जोडी जुळत नाही’ म्हणून मध्येच थांबतो. तुटलेला तुकडा दुसऱ्या खऱ्या फाइलीचं नाव निघाला आणि पुढे फाइली पुसणारा ‘आरएम’ असेल, तर मग पुसलं जातं ते वेगळंच.

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० आरएम

इथे दोन नावांमध्ये शून्य बाइट येतो, जो नावात असूच शकत नाही. ही जोडी ग्नू आणि बीएसडीवर जुनीच. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात ती २०२४ च्या आवृत्तीत आली. त्याहून सोपं म्हणजे पाइपच नको:

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -एक्झेक आरएम {} +

शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर फाइंड मावतील तितकी नावं एकत्र बांधून एकाच वेळी देतो. त्याऐवजी उलटी रेघ आणि अर्धविराम लावला तर दर फाइलीला नवी प्रोसेस. दहा हजार फाइलींना दहा हजार वेळा ‘आरएम’ सुरू होतो, आणि यात जाणारा वेळ पुसण्याचा नसून सुरू होण्याचा असतो. ‘मावतील तितकी’ची कमाल मर्यादा ‘गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स’ सांगतो (दुसरा शब्द सगळा कॅपिटल). लिनक्सवर बहुधा २०९७१५२ बाइट. ‘आरएम *’ लिहिल्यावर ‘यादी फार लांब’ असा जो एरर येतो तो याच मर्यादेचा.

मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेपासून शोध सुरू केला तर ‘परवानगी नाही’ची रांग लागते. ती ‘२>/डेव्ह/नल’ने गप्प होते. पण त्याबरोबर पाथ लिहिताना झालेली चूकही गप्प होते, म्हणून आधी एकदा एरर बघून घ्या, मगच झाका. शिवाय ‘-एक्सडेव्ह’ (दुसऱ्या डिस्कवर जाऊ नकोस) लावला नाही तर फाइंड नेटवर्कवरच्या डिस्का आणि चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा ‘/प्रॉक’सुद्धा पालथे घालत बसतो.

नाव लक्षात आहे, जागा नाही, एवढंच असेल तर ‘लोकेट’ क्षणात सांगतो. तो डिस्क बघत नाही, ‘अपडेटडीबी’ने तयार केलेली यादी बघतो, आणि ती यादी साधारण दिवसातून एकदा होते. दहा मिनिटांपूर्वीची फाइल त्यात नसते, काल पुसलेली असते. ‘-ई’ दिलं तर आज खरोखर असलेल्याच दाखवतो. ‘/टीएमपी’ सारखे फोल्डर या यादीतून मुद्दाम वगळलेले असतात. आणि चालवायचा प्रोग्रॅम कुठला, एवढंच पाहायचं असेल तर ‘टाइप -ए’. ‘व्हिच’ला शेलमधले एलियस आणि फंक्शन सगळीकडे दिसतीलच असं नाही.

मजकुरात शोध

ग्रेप हे नाव ‘ईडी’ एडिटरमधल्या ‘जी/आरई/पी’ या कमांडवरून आलं: सगळीकडे, हा नमुना, छाप. रोजच्या वापराला एवढं पुरतं:

ग्रेप -आरएन --इन्क्लूड='*.कॉन्फ' -एफ 'शब्द' .

यात ‘एफ’ कॅपिटल. तो दिला की टिंब, तारा, चौकटी कंस यांना खास अर्थ राहत नाही. आयपी पत्ता शोधताना तो हवाच, नाहीतर टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. फक्त फाइलींची नावं हवी असतील तर ‘-एल’. लहान ‘-आर’ वाटेत लागलेल्या सिम्बॉलिक लिंकांमागे (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नावांमागे) जात नाही, कॅपिटल ‘-आर’ जातो. शब्द आहे हे माहीत असून सापडत नसेल तेव्हा हा फरक आधी तपासा.

‘बायनरी फाइल जुळते’ एवढंच सांगून ग्रेप थांबला तर फाइलीत शून्य बाइट किंवा चालू एन्कोडिंगमध्ये न बसणारे बाइट आहेत. लॉग फाइलीत एखादा कचरा बाइट आला तरी हे होतं. ‘-ए’ दिला की तो मजकूर समजून ओळी दाखवतो. यूटीएफ-१६ मधल्या फाइलीत मात्र साधा इंग्रजी शब्दही सापडणार नाही, कारण प्रत्येक अक्षराशेजारी एक शून्य बाइट असतो. ती आधी ‘आयकॉन्व्ह’मधून यूटीएफ-८ करा. डॉकएक्स ही झिप असते, पीडीएफमधला मजकूर बहुधा दाबून भरलेला असतो. ग्रेपला त्यातलं काही दिसत नाही. पीडीएफसाठी ‘पीडीएफटूटेक्स्ट’.

देवनागरी नावं आणि मजकूर यांचा वेगळाच त्रास आहे, आणि त्यावर लिहिलेलं फार सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, यू+०९७२. पण बरेच कीबोर्ड ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवतात, म्हणजे दोन कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन (समान अक्षरांना एकच रूप देणं) करूनही ते एक होत नाहीत. ‘ऱ’चं उलट: एक कोड, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन, हे मात्र समान मानले जातात, पण फाइंड आणि ग्रेप बाइट जुळवतात, समानता बघत नाहीत. शोध फसला की नाव ‘एलएस | एक्सएक्सडी’मधून बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइटांचा असतो. बाइट मोजले की कोणी कसं टाइप केलंय ते लगेच कळतं. तोवर काम चालवायला ‘-नेम’मध्ये संशयित अक्षराच्या जागी तारा टाका. प्रश्नचिन्ह नको, कारण ते एकच कोड घेतं आणि ‘की’ म्हणजे ‘क’ आणि वेलांटी, दोन. लोकेल (भाषेचं सेटिंग) ‘सी’ असेल तर तेही नाही. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे एक बाइट.

मेल: तीच चाळणी, वेगळं धान्य

‘तुम्हाला मेल आहे’ ही ओळ शेल देतो, मेल प्रोग्रॅम नाही. बॅश दर ६० सेकंदांनी, तेही नवा प्रॉम्प्ट दाखवण्यापूर्वी, ‘मेल’ या व्हेरिएबलमधली फाइल बघतो. ती बहुधा ‘/व्हार/मेल’खाली तुमच्या लॉगिन नावाने असते. सर्व्हरवर तिथे बहुतेक क्रॉनचा (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पसारा असतो: जॉबने काहीही छापलं की त्याचा मेल. तो नको असेल तर क्रॉनटॅबमध्ये ‘मेलटू’ (सगळं कॅपिटल) रिकामं ठेवण्यापेक्षा जॉबचं नेहमीचं आउटपुट फाइलीत वळवा आणि एरर तेवढे मेलने येऊ द्या.

ही पेटी म्हणजे एकच लांब फाइल, एमबॉक्स. प्रत्येक मेल ‘फ्रॉम’ आणि स्पेस यांनी सुरू होणाऱ्या ओळीने चालू होतो. हा ‘फ्रॉम’ कोलनशिवायचा; कोलन (:) असलेला तो हेडरमधला, वेगळा. मेल किती ते मोजायला हे पुरे:

ग्रेप -सी '^फ्रॉम ' $मेल

‘फ्रॉम’चा ‘एफ’ आणि व्हेरिएबलचं पूर्ण नाव कॅपिटल, आणि अवतरणातली शेवटची स्पेस विसरू नका. मेलच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू होत असेल तर साठवताना तिच्यापुढे ‘>’ लावतात. जुन्या पत्रांत अधूनमधून दिसणारं ते एकटं बाणचिन्ह इथून येतं. ही फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. मेल पोचवणारा प्रोग्रॅम लॉक लावून तिच्या शेवटी लिहितो, एडिटर लॉक पाळत नाही. मधल्या वेळात आलेला मेल तुमच्या सेव्हखाली कायमचा जातो.

वाचायला ‘मेल’ किंवा ‘मेलएक्स’. यादीत बाण म्हणजे चालू मेल, ‘एन’ नवा, ‘यू’ यादीत येऊन न वाचलेला. आकडा दाबला की तो मेल, ‘एच’ने पुन्हा यादी, ‘डी ३-७’ने पाच मेल खुणावले जातात, ‘यू ५’ने पाचवा परत. ‘एफ /बॅकअप’ विषयात तो शब्द असलेले मेल दाखवतो, आणि ‘एफ :यू’ न वाचलेले. फाइंडसारखंच इथेही आधी ‘एफ’ने यादी बघायची, मग त्याच अटीवर ‘डी’.

बाहेर पडताना ‘क्यू’ आणि ‘एक्स’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. ‘एक्स’ पेटीला हात न लावता निघतो. ‘क्यू’ पुसलेले पुसतो आणि वाचलेले मेल होम डिरेक्टरीतल्या ‘एमबॉक्स’ नावाच्या फाइलीत हलवतो. पुढच्या वेळी ‘मेल’ उघडला की ते दिसत नाहीत. गेले नाहीत, ‘मेल -एफ’ने उघडा. हे नको असेल तर ‘.मेलआरसी’मध्ये ‘सेट होल्ड’ लिहा. काही लिनक्स वितरणांत ते आधीच लिहिलेलं असतं, म्हणून एका मशीनवर जे होतं ते शेजारच्यावर होत नाही. तसंच ‘एस ४ हिशेब’ने चौथा मेल फाइलीत साठवला की ‘क्यू’नंतर तो पेटीतून जातो, नुसती प्रत हवी तर ‘कॉपी’. आणि लहान ‘आर’ सगळ्यांना उत्तर देतो, कॅपिटल ‘आर’ फक्त पाठवणाऱ्याला. हे आजच्या बहुतेक प्रोग्रॅमांच्या उलट आहे. बोट आपोआप लहान ‘आर’वर जातं आणि एकट्याला द्यायचं उत्तर पूर्ण यादीला जातं.

मराठी विषयाचा मेल ग्रेपला का सापडत नाही? हेडरमध्ये आस्की बाहेरची अक्षरं जशीच्या तशी पाठवायची पद्धत नव्हती, म्हणून ती गुंडाळून पाठवायची रीत ठरली, ती १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेट मानकात आहे: बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल, आणि एक गुंडाळी जास्तीत जास्त ७५ अक्षरांची. बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरं होतात आणि देवनागरीचा एक कोड नेमका तीन बाइटांचा, त्यामुळे प्रत्येक कोड चार अक्षरांचा एक ठोकळा होतो. ठोकळ्याची पहिली तीन अक्षरं ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’, इंग्रजी अक्षरं कॅपिटल. कच्च्या हेडरमध्ये अशी रांग दिसली की आत देवनागरी आहे हे न उलगडता कळतं. पण शब्दांमधली एक स्पेस म्हणजे एकच बाइट. तिच्यानंतर सगळे ठोकळे एका बाइटने सरकतात आणि तोच शब्द वेगळाच दिसतो. म्हणून शब्दाचं बेस६४ करून ग्रेप लावायची युक्ती कधी लागते, कधी हुकते. कोटेड-प्रिंटेबल मजकुरात तर इंग्रजी शब्दही हुकतो, कारण ओळ ७६ अक्षरांच्या आत ठेवायला शब्द मध्येच बरोबरचं चिन्ह देऊन तोडलेला असू शकतो.

इथे ‘मट’ हा मेल प्रोग्रॅम घ्या. ‘मट -आर -एफ फाइल’ (‘आर’ कॅपिटल) पेटी फक्त वाचण्यापुरती उघडतो. आत ‘एल’ दाबून नमुना द्यायचा:

~एस बॅकअप ~डी <२डब्ल्यू

म्हणजे विषयात तो शब्द, गेल्या दोन आठवड्यांतला. मट विषय उलगडून मग जुळवतो, त्यामुळे मराठी शब्द चालतात. ‘~एफ’ पाठवणारा, ‘~बी’ मजकूर. ‘~बी’ प्रत्येक मेल उघडून बघतो, म्हणून तो सर्वात शेवटी लिहा, आधीच्या अटींनी यादी लहान झालेली बरी. ‘एल’ दाबून ‘ऑल’ लिहिलं की यादी पूर्ववत. मजकुरात शोधूनही सापडत नसेल तर ‘थरो_सर्च’ हे सेटिंग चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर मट गुंडाळलेल्याच मजकुरात शोधतो.

पेटी मेलडिर (‘एम’ कॅपिटल) असेल तर मात्र फाइंडचं राज्य. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखलेली ही रचना: एक मेल, एक फाइल, आणि ‘टीएमपी’, ‘न्यू’, ‘कर’ असे तीन फोल्डर. ‘न्यू’ म्हणजे न वाचलेले नव्हे, तर मेल प्रोग्रॅमने अजून पाहिलेच नाहीत असे. पाहिले की ते ‘कर’मध्ये जातात आणि नावाच्या शेवटी कोलन, २, स्वल्पविराम अशी खूण लागते; त्यापुढे ‘एस’ म्हणजे वाचलेला, ‘आर’ उत्तर दिलेला, ‘एफ’ खूण केलेला, ‘टी’ पुसण्यासाठी काढलेला, सगळी कॅपिटल. न वाचलेले मोजायचे तर:

फाइंड ~/मेलडिर/कर -टाइप एफ ! -नेम '*:२,*एस*' | डब्ल्यूसी -एल

जुने मेल काढताना ‘-एमटाइम’ची तीच जुनी अडचण पुन्हा येते. पेटी साध्या ‘सीपी’ने दुसऱ्या मशीनवर नेली असेल तर सगळ्या फाइलींची तारीख आजची. सहसा पोचल्याची खरी वेळ नावातच असते: सुरुवातीचा आकडा म्हणजे १९७० पासूनचे सेकंद. ‘१७०४०६७२००’ने सुरू होणारा मेल यूटीसीप्रमाणे २०२४ च्या १ जानेवारीला मध्यरात्री पोचला, ग्नू ‘डेट -डी @’ला तो आकडा दिला की तारीख मिळते. अशा पेटीत वयाची अट ‘-एमटाइम’वर न ठेवता नावाच्या सुरुवातीवर ठेवा. १७०३ ने सुरू होणारे सगळे एकदम हवे असतील तर:

फाइंड ~/मेलडिर/कर -नेम '१७०३*' -प्रिंट

हे साधारण साडेअकरा दिवसांचे मेल होतात, कारण उरलेले सहा अंक म्हणजे दहा लाख सेकंद. ‘टी’ खूण असलेले मेल मेल प्रोग्रॅममध्ये दिसत नसतील, पण डिस्कवर ते असतात आणि या यादीतही येतात.